हजेरीपटावरचा ‘म’ : ठाण्यातल्या सहकाऱ्याच्या लिंगबदलात साथ कशी द्यावी

अर्जावर आधी ‘घरगुती कारण’ लिहिलं होतं. ते खोडून ‘वैद्यकीय कारण’. तेही खोडलेलं, आणि खाली पेन बराच वेळ टेकवून ठेवल्याचा शाईचा ठिपका. आस्थापना शाखेत रजेचे अर्ज चाळण्यात उमर गेलेल्या माणसाला खाडाखोड नवी नसते. पण हा अर्ज घेऊन आलेला शिपाई, जो तेव्हा कागदावर महिला शिपाई होता, खुर्चीवर बसायलाच तयार नव्हता. दारात उभं राहून त्याने विचारलं, “साहेब, कुठलं कारण लिहिलं की मंजूर होईल?”

मला माहीत नव्हतं. शाखेत कुणालाच माहीत नव्हतं. पुढचे कित्येक महिने आम्ही चुकत-माकत शिकलो. नंतर अग्निशमन दलातल्या आणि रुग्णवाहिकेवरच्या ओळखीच्या लोकांनी असंच विचारलं, तेव्हा त्यांच्या अडचणीही कळल्या. ज्यांच्या हाताखालचं माणूस पहिल्यांदाच ‘साहेब, जरा बोलायचं होतं’ म्हणून येणार आहे, अशा नव्या प्रभारी अधिकाऱ्यांसाठी, स्टेशन ऑफिसरांसाठी आणि नियंत्रण कक्षाच्या पर्यवेक्षकांसाठी ते सगळं क्रमाने लिहितो.

शब्दांचं आधी मिटवू. ‘लिंगबदल’ हा शब्द सगळ्यांना कळतो म्हणून वापरतोय. बऱ्याच जणांना तो आवडत नाही, कारण त्यांच्या लेखी काही बदलत नसतं, आतलं बाहेर येत असतं. सरकारी कागदात ‘तृतीयपंथी’ येतं, काही जण ‘पारलिंगी’ म्हणतात, बहुतेक तरुण सरळ ‘ट्रान्स’ म्हणतात. समोरचा स्वतःला काय म्हणवतो ते विचारा आणि तेच वापरा.

आधी हे माहीत असू द्या

‘असं आपल्या खात्यात कधी झालंय का?’ हा प्रश्न वरून येणारच. झालंय, आणि महाराष्ट्रातच झालंय. बीड जिल्ह्यातल्या माजलगावच्या ललिता साळवे या महिला पोलीस शिपायाने २०१७ मध्ये शस्त्रक्रियेसाठी रजा मागितली. खात्याने नाकारली. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेलं, शेवटी राज्य सरकारने परवानगी दिली, आणि मे २०१८ मध्ये मुंबईच्या सेंट जॉर्ज रुग्णालयात शस्त्रक्रिया झाली. ललित साळवे पोलीस शिपाई म्हणून कामावर परत आले. नोकरी तीच.

तमिळनाडूत के. पृथिका यशिनी मद्रास उच्च न्यायालयाच्या २०१५ च्या निकालानंतर २०१७ मध्ये उपनिरीक्षक झाल्या. २०२१ मध्ये छत्तीसगढ पोलिसांनी तेरा ट्रान्स उमेदवार शिपाई म्हणून घेतले. आपल्याकडे डिसेंबर २०२२ मध्ये भरतीचा अर्ज भरताना तिसरा पर्यायच नाही म्हणून वाद उच्च न्यायालयात गेला, आणि सरकारला शारीरिक चाचणीचे नियम करायचं कबूल करावं लागलं.

या सगळ्याच्या मुळाशी सर्वोच्च न्यायालयाचा १५ एप्रिल २०१४ चा, ट्रान्स व्यक्तींची ओळख मान्य करणारा नाल्सा निकाल आहे, आणि त्यानंतरचा २०१९ चा ट्रान्सजेंडर व्यक्ती हक्क संरक्षण कायदा. हा कायदा १० जानेवारी २०२० पासून लागू झाला. त्यातलं कलम ९ नोकरीतल्या भेदभावाला मनाई करतं, आणि कलम ११ प्रत्येक आस्थापनेला तक्रार अधिकारी नेमायला सांगतं. तुमच्या कार्यालयात तो कोण आहे, हे आजच विचारून बघा. बहुतेक ठिकाणी लोक एकमेकांकडे बघतात.

पहिलं बोलणं

दार लावून घ्या, फोन उलटा ठेवा, आणि ऐका. त्या माणसाने हे बोलणं मनात शंभर वेळा घोळवलेलं असतं. तुम्ही पहिल्यांदा ऐकताय, त्यामुळे गोंधळलात तरी चालेल. “मला यातलं फार कळत नाही, पण आपण मिळून करू,” एवढं म्हटलं तरी पुष्कळ.

तीनच गोष्टी विचारा. हे आणखी कुणाला कळलेलं चालेल? कोणतं नाव, आणि कधीपासून? सध्याच्या कामात काय जड जातंय? शस्त्रक्रिया करणार का, कुठली, घरी काय म्हणाले, लग्नाचं काय, हे विचारायचं नाही. कित्येक जण शस्त्रक्रिया करतच नाहीत. कुणी फक्त नाव आणि पेहराव बदलतं, कुणी हार्मोन घेतं, कुणी चार वर्षं थांबून मग पुढचं पाऊल टाकतं. वेग त्यांचा.

आणि ही गोष्ट ठाण्याच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर कोणत्याही रूपात जाता कामा नये. शुभेच्छा म्हणूनही नाही. आमच्याकडे एका भल्या हवालदाराने अंगठ्याच्या आणि फुलांच्या चिन्हांसकट अभिनंदन टाकलं, त्या माणसाच्या घरी कळायच्या आत. मेसेज दहा मिनिटांत उडवला. स्क्रीनशॉट आधीच फिरले होते.

तोंडी काही ठेवू नका

माझं ठाम मत सांगतो. आपल्या खात्यांमध्ये चांगुलपणाचं आयुष्य साहेबाच्या बदलीपर्यंतच असतं. प्रभारी समजूतदार असतो, सगळं ‘करून घेऊ’ म्हणतो, करतोही. मग बदल्यांची यादी येते, नवे साहेब येतात, आणि त्या माणसाला सगळी कहाणी पहिल्यापासून सांगावी लागते. तीही अनोळख्या माणसाला, पुन्हा दारात उभं राहून.

म्हणून पहिल्या आठवड्यातच एक साधी टिपणी तयार करा. त्यात सहा-सात ओळी पुरतात: कोणत्या तारखेपासून कोणतं नाव वापरायचं, गणवेश कोणता, विश्रांतीची आणि कपडे बदलायची सोय कुठे, ड्युटीत तात्पुरते बदल काय, संपर्कासाठी कोणता एकच अधिकारी, आणि ही टिपणी कोणाकोणाच्या नजरेला पडेल. वैद्यकीय तपशील त्यात एकही नको. त्या व्यक्तीला वाचून दाखवा, सही घ्या, वरिष्ठांची मान्यता घ्या आणि गोपनीय फाइलला लावा. कार्यभार सोपवताना शस्त्रं, मुद्देमाल, किर्दी मोजून देता, तशी ही फाइलही हातात द्या.

कागदांचा क्रम

क्रम चुकला की पगार अडकतो, हे अनुभवाचं आहे. आमच्याकडे बँकेतलं नाव आधी बदललं गेलं आणि सेवार्थ या पगाराच्या सरकारी संगणक प्रणालीत जुनंच राहिलं. महिन्याचा पगार परत गेला. ऐन दिवाळीत.

सुरुवात होते ओळख प्रमाणपत्रापासून. ते जिल्हाधिकारी देतात आणि अर्ज राष्ट्रीय पोर्टलवर करायचा असतो. २०२० च्या नियमांत हे प्रमाणपत्र शपथपत्राच्या आधारे ३० दिवसांत देण्याची तरतूद होती, आणि शस्त्रक्रियेनंतर स्त्री किंवा पुरुष अशी नोंद असलेलं सुधारित प्रमाणपत्र वेगळं. या कायद्यात आणि नियमांत फेरफार होत राहतात, त्यामुळे अर्ज करायच्या दिवशी पोर्टलवर काय लिहिलंय ते वाचूनच पुढे जा. माझ्यासारख्याच्या सांगण्यावर विसंबू नका.

नावातला बदल शासनाच्या राजपत्रात प्रसिद्ध करून घ्यावा. मग आधार, त्यानंतर पॅन. मग राजपत्राची प्रत जोडून कार्यालयाकडे अर्ज, आणि त्यावरून सेवापुस्तकात नोंद. सेवापुस्तकात जुनं नाव पांढऱ्या शाईने पुसायचं नसतं. बदलाची नोंद घेऊन साक्षांकित करतात. त्यानंतर बँक आणि सेवार्थ एकाच पगारबिलाच्या आत, दोन्ही मिळून. मागून निवृत्तिवेतन खातं, गटविमा, नामनिर्देशन, ज्येष्ठता यादी, ओळखपत्र. ज्येष्ठतेला धक्का लागत नाही, हे त्या माणसाला स्पष्ट सांगा. ही भीती बोलून दाखवली जात नाही, पण असते.

बक्कल नंबर, म्हणजे शिपायाचा खात्यातला क्रमांक, तोच राहतो. आमच्या शिपायाला या बातमीने हसू आलं होतं. “चला, एक तरी गोष्ट माझी आधीपासूनची,” म्हणाला.

रजा, आणि ‘फिट-अनफिट’चा घोळ

राज्य कर्मचाऱ्यांना १९८१ च्या रजा नियमांप्रमाणे अर्जित रजा, अर्धपगारी रजा आणि वैद्यकीय प्रमाणपत्रावर परिवर्तित रजा मिळते. या कामासाठी वेगळं नाव असलेली रजा शोधत बसू नका, हीच वापरायची. ‘कुठलं कारण लिहू’ याचं उत्तर इतकंच: ‘वैद्यकीय उपचार, प्रमाणपत्र सोबत जोडले आहे.’ अर्ज हाताळणाऱ्या कारकुनाला त्यापलीकडचं कळायची गरज नाही. कंत्राटी कामगारांचं अवघड असतं. १०८ वर ते बरेच आहेत. त्यांच्या करारात रजा किती आणि बिनपगारी किती, हे शस्त्रक्रियेची तारीख ठरायच्या आधी लेखी विचारून घ्या.

छातीच्या शस्त्रक्रियेनंतर साधारण सहा आठवडे वजन उचलायचं नसतं. खालच्या शस्त्रक्रियेला त्याहून बराच जास्त वेळ, तीन महिनेही लागतात. तारखा डॉक्टर ठरवतील. तुम्ही आधीपासून हलकी ड्युटी हेरून ठेवा: वायरलेस, सीसीटीएनएस (गुन्ह्यांच्या नोंदींची संगणक प्रणाली), नियंत्रण कक्ष. स्ट्रेचर, होज (आग विझवायचा पाइप), दंगलीचा बंदोबस्त नको. गणेशोत्सव किंवा निवडणूक डोळ्यांसमोर ठेवून तारीख ‘पुढे ढकलता येईल का’ असं विचारायचा मोह होतो. एकदा विचारा, पण सहा महिने आधी. शस्त्रक्रियेची तारीख मुश्किलीने मिळते.

आता घोळ. उपचारांच्या कागदांत मानसोपचारतज्ज्ञांचं पत्र असतं. ते पाहिलं की एखादा अधिकारी दचकतो आणि पहिला हुकूम देतो, ‘याचं पिस्तूल जमा करून घ्या.’ असं करू नका. जागतिक आरोग्य संघटनेने रोगांच्या अकराव्या वर्गीकरणात ही अवस्था मानसिक आजारांच्या प्रकरणातून काढून टाकली आहे, आणि ते वर्गीकरण जानेवारी २०२२ पासून लागू आहे. ते पत्र उपचारांची वाट मोकळी करायला असतं. माणूस कामाला नालायक असल्याचा दाखला त्यात शोधू नका. हत्यार काढायचं कारण इतर कुणाच्या बाबतीत जे लागेल, तेच इथेही लागेल.

वार्षिक तपासणीत आणखी एक गंमत होते. टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी हार्मोन घेणाऱ्याचं हिमोग्लोबिन वाढतं. प्रयोगशाळा जुन्या नोंदीवरून स्त्रियांच्या रकान्यात बघते आणि आकड्यापुढे लाल खूण करते. तपासणाऱ्या डॉक्टरांना त्या माणसाच्या संमतीने आधीच कल्पना द्या, नाहीतर तो विनाकारण ‘पुनर्तपासणी’च्या चक्रात अडकतो.

मास्क, पट्टा, आणि मे महिना

ऑफिसच्या नोकरीसाठी लिहिलेल्या मार्गदर्शिकांत हे सापडणार नाही, म्हणून इथे जरा रेंगाळतो.

अग्निशमन दलात धुरात शिरताना बीए सेट लावतात, पाठीवर हवेचं नळकांडं आणि तोंडावर मास्क. मास्कची रबरी कड कातडीला चिकटून बसली तरच धूर बाहेर राहतो. दोन दिवसांचे खुंटही ती कड उचलायला पुरेसे असतात. म्हणून आत जाणाऱ्याची दाढी तुळतुळीत हवी, हा नियम सगळ्यांना सारखा. पण ट्रान्स पुरुषाला, म्हणजे जन्माच्या नोंदीत स्त्री पण स्वतः पुरुष असणाऱ्याला, टेस्टोस्टेरॉन सुरू झाल्यावर पहिले चार केस हनुवटीवर येतात, ते त्याने अर्धं आयुष्य वाट बघून मिळवलेले असतात. ‘दाढी काढ’ हे घंटा वाजल्यावर गाडीत चढताना सांगायचं नसतं. आधी शांतपणे कारण सांगा, मास्क लावून तो कुठून गळतो ते दाखवा. पुढे तोच नव्या पोरांना दाखवतो, असं एका स्टेशन ऑफिसरनी मला सांगितलं.

दुसरी गोष्ट बाइंडरची. छाती सपाट दिसावी म्हणून घालायचा हा घट्ट पट्टा. बाइंडर घालून जिने चढणं, होज ओढणं किंवा बीए सेट लावून राबणं धोक्याचं आहे. बरगड्या आवळलेल्या असतात, श्वास पुरा भरत नाही. कॉलच्या ड्युटीवर सैलसर स्पोर्ट्स ब्रा बरी, फायर सूटच्या जाडीखाली काही दिसत नाही. हे मात्र तुम्ही गडगडत सांगू नका. दलाच्या डॉक्टरांनी, एकट्यात, सांगावं.

ट्रान्स स्त्रियांच्या औषधांत पुष्कळदा स्पायरोनोलॅक्टोन असतं. मूळचं रक्तदाबाचं औषध, लघवी जास्त होते, उठताना चक्कर येऊ शकते, आणि शरीरातलं पोटॅशियम वाढतं. आता मे महिन्यातला बंदोबस्त डोळ्यांपुढे आणा. चौकात सहा तास उभं राहणं, जवळ स्वच्छतागृह नाही, आणि कुणीतरी प्रेमाने शहाळी आणून देतं. शहाळ्यात पोटॅशियम भरपूर असतं. काय आणि किती प्यावं ते त्यांच्या डॉक्टरांना विचारून घ्यायला सांगा, आणि पॉइंट असा द्या की जवळ सावली आणि स्वच्छतागृह असेल. त्याचा फायदा त्या पॉइंटवरच्या सगळ्यांनाच होईल.

गणवेशाचं माप एकदाच घेऊन मोकळे होऊ नका. हार्मोनमुळे वर्षभरात खांदे, कंबर बदलतात. बुलेटप्रूफ जाकीट आणि फायर सूट सैल किंवा घट्ट असणं हा सुरक्षेचा प्रश्न आहे. भांडार विभागाला ‘पुन्हा एकदा’ची सवलत टिपणीतच लिहून ठेवा. केसांच्या बाबतीत मधले काही महिने डोळेझाक करावी. कापलेले केस वाढायला वेळ लागतो, आणि परेडला टोपीखाली काय दिसतं याने जगबुडी होत नाही.

मराठीची अडचण, आणि मराठीतलीच सोय

इंग्रजीत सर्वनाम सांभाळलं की बरंचसं भागतं. मराठीत क्रियापद चुगली करतं. ‘आली का?’, ‘कुठे गेलास?’, ‘थकलेली दिसतेस’, प्रत्येक वाक्यात लिंग. वर्षानुवर्षं जिभेला बसलेलं वळण एका दिवसात जात नाही.

सोय आहे ‘तुम्ही’त आणि आडनावात. ‘पाटील, तुम्ही कुठे होता?’, ‘जेवलात का?’, ‘रिपोर्ट दिलात?’ यात काहीच उघड होत नाही, आणि आपल्या खात्यात आडनावाने हाक मारायची पद्धत आहेच. सुरुवातीचे महिने हा पूल वापरा. पण ती व्यक्ती समोर नसताना बोलताना आडोसा संपतो. ‘पाटील आले’ की ‘पाटील आल्या’ ते ठरवावंच लागतं, आणि खरी सवय तिथेच लागते. ‘मॅडम’, ‘ताई’, ‘दादा’, ‘भाऊ’ यांतलं काय चालेल ते विचारून घ्या. चूक झाली तर दुरुस्त करून पुढे बोला. पाच मिनिटं माफी मागत बसलं की समोरच्यालाच तुमची समजूत काढावी लागते.

११२ किंवा १०८ वर फोन घेणाऱ्यांचं वेगळं असतं. आवाजावरून फोन करणारा ‘मॅडम’ किंवा ‘साहेब’ म्हणणार. आग लागलेल्या घरातून बोलणाऱ्याला दुरुस्त करायचं नसतं, हे ट्रान्स सहकारी आपल्याहून चांगलं जाणतात. पण फोन ठेवल्यावर शेजारच्या खुर्चीवरून खिदळणं ऐकू आलं, तर ती पर्यवेक्षकाची जबाबदारी.

सगळ्यांना कसं सांगायचं

कधी आणि कुणी, हे ती व्यक्ती ठरवेल. काहींना स्वतः बोलायचं असतं, काहींना त्या दिवशी सुट्टीवर राहायचं असतं. प्रभारीने हजेरीच्या वेळी उभ्याउभ्या दोन मिनिटांत सांगावं. भाषण नको, जनजागृतीची फीत नको. “उद्यापासून आपले पाटील या नावाने ओळखले जातील. ड्युटी तीच, बक्कल तोच. कुणाला काही विचारायचं असेल तर मला विचारा, त्यांना नाही.” प्रत्येक पाळीला तेच शब्द. रात्रपाळीला बातमी दुसऱ्या दिवशी चहाच्या टपरीवर कळली, तर ती वेगळीच होऊन कळते.

झडती, खोली आणि रुग्ण

स्त्रीची झडती स्त्रीनेच, सभ्यता पाळून घ्यावी, असं भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत आहे. लिंगबदलाच्या मधल्या काळात त्या अंमलदाराला झडतीला पाठवायचं की नाही, हा निर्णय ठाण्यात कुणी मनाने घेऊ नये. वरिष्ठांचं लेखी उत्तर मागवा. ते येईपर्यंत त्या कामाला दुसरं कुणी द्या, आणि त्या बदल्यात त्यांच्या माथी सगळे रात्रीचे पहारे मारू नका. उद्या न्यायालयात आरोपीचा वकील याच मुद्द्यावर बोट ठेवील, तेव्हा साक्षीच्या पिंजऱ्यात उभं राहणारा तो अंमलदार असेल, तुम्ही नाही.

कपडे बदलायच्या खोलीवर सगळ्यात जास्त चर्चा होते आणि तोडगा सगळ्यात स्वस्त असतो: आतून कडी लागणारी एक खोली, सगळ्यांसाठी. रेकॉर्ड रूमचा कोपरा रिकामा करून आम्ही केली. महिनाभरात सगळेच वापरायला लागले.

रुग्णवाहिकेत एखादा रुग्ण किंवा नातेवाईक ‘यांनी हात लावायचा नाही’ म्हणतो. छातीला ईसीजीचे पॅच लावायचे असतील, सोबत दुसरं कुणी असेल आणि वेळ असेल, तर कुठल्याही रुग्णाची अशी विनंती आपण ऐकतोच. जीव जात असेल तर हाताशी आहे तोच डॉक्टर. पायलटने, म्हणजे रुग्णवाहिकेच्या चालकाने, तेवढं खणखणीत सांगावं.

टोमणे

पहिला टोमणा प्रभारीने ऐकून सोडला, की पुढचे दहा त्याच्या नावावर. जागच्या जागी थांबवा. थांबलं नाही तर तक्रार अधिकाऱ्याकडे लेखी. २०२० च्या नियमांत चौकशीला १५ दिवस दिले होते. २०१९ च्या कायद्याच्या कलम १८ मध्ये शारीरिक, शाब्दिक आणि मानसिक छळाला सहा महिन्यांपासून दोन वर्षांपर्यंत कैद होती. तक्रारदाराला ‘तुमच्याच भल्यासाठी’ म्हणून दुसऱ्या ठाण्यात हलवणं हा आपला आवडता उपाय. त्याने मागितल्याशिवाय तो करू नका.

राहून जाणाऱ्या गोष्टी

नाव बदललं, आदेश निघाला, हजेरीत सांगून झालं की वाटतं झालं. मग कपाटावरची जुनी नावपट्टी दिसते. वार्षिक स्नेहसंमेलनाचा भिंतीवरचा फोटो दिसतो, त्याचं काय करायचं ते त्यांनाच विचारा. बायोमेट्रिक यंत्र बोट ठेवल्यावर जुनं नाव बोलून दाखवतं. पदक-प्रशस्तिपत्रांवरची नावं आहेत, आरोग्य कार्ड आहे.

आमच्याकडे शेवटी राहिलं ते एक अक्षर. पोलिसांच्या कागदात पुरुष शिपाई ‘पोशि’ आणि महिला शिपाई ‘मपोशि’. ड्युटीचा तक्ता रोज संगणकावर कालच्या फाइलवरून उतरवला जायचा. नवं नाव आलं होतं, त्याच्या पुढचा ‘म’ तसाच. तीन महिने रोज सकाळी तो फळ्यावर लागायचा आणि आमच्यापैकी कुणाच्या लक्षात आलं नाही. त्यानेही कधी सांगितलं नाही. एका सकाळी तक्त्यावर कुणीतरी पेनाने ते अक्षर गोल करून खोडलेलं दिसलं. ती खूण ठाणे अंमलदारांची होती. तेच ते, फुलांचा मेसेज टाकणारे हवालदार. मी वर जाऊन मूळ फाइल उघडली आणि बदलली.